नवऱ्याची नोकरी आयोवात ठरली, माझं काय ठरलं?

पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नवरा डॉक्टर आहे, जे-वन व्हिसावर, म्हणजे ट्रेनिंगच्या व्हिसावर, रेसिडेन्सी करतोय, शेवटचं वर्ष. वेव्हरसाठी, म्हणजे ट्रेनिंगनंतर मायदेशी परतायची अट माफ व्हावी म्हणून, आयोवातल्या स्टॉर्म लेक नावाच्या गावातून ऑफर आलीय, महिन्याभरात हो की नाही सांगायचंय. तो जूनमध्ये एकटाच जाऊन बघून आला आणि फुल्ल प्रेमात आहे, तळं आहे, माणसं चांगली आहेत, घरं स्वस्त आहेत, पाच एकराचं घर घेऊ म्हणतो. मी जे-टूच्या (त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसाच्या) ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, एका कंपनीत डेटाचं काम करते, माझं बरं चाललंय. मुलगी दहा वर्षांची, कथक शिकते, शनिवारी मराठी शाळेत जाते. मुलगा चार वर्षांचा, त्याची स्पीच थेरपी सुरू आहे. मी गूगलवर फोटो बघितले तर नुसता मका. तीनच वर्षांचा प्रश्न आहे, तर त्याला एकट्याला पाठवून आम्ही तिघं इथंच राहिलो तर? सासूबाई नाशिकहून म्हणतात, अमेरिकेत जाऊन खेड्यातच राहायचं होतं तर आपलं निफाड काय वाईट होतं. त्यांना काय सांगू तेही कळत नाही."

अगं, तुला एकेरीतच लिहिते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. आणि आधीच सांगते, मी या विषयात तटस्थ वगैरे नाही. नेब्रास्कातल्या एका काउंटीत मी नऊ वर्षं काढलीत, नवऱ्याच्या नोकरीपायी, आता ओमाहात आहे. म्हणजे तुझ्या त्या स्टॉर्म लेकपासून अडीच तासांवर. त्यामुळे मक्याचं तू मला सांगूच नकोस.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी तुझ्या पत्रात कुठंच नाही आणि मला वाचताना पोटात गोळा आला. तू जे-टूच्या ईएडीवर काम करतेस. नवरा वेव्हर घेऊन एच-वन बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, गेला की तू एच-फोर, म्हणजे त्याच्या बायकोच्या व्हिसावर, जाणार. आणि एच-फोरला आपोआप काम करता येत नाही, त्याचं ईएडी २०१५ पासून मिळायला लागलं खरं, पण त्यासाठी नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर झालेलं लागतं किंवा त्याचं एच-वन सहा वर्षांच्या पुढं वाढलेलं लागतं. म्हणजे तो ज्या दिवशी नवीन कोट घालून हॉस्पिटलात जाईल, साधारण त्याच सुमारास तुझी नोकरी बंद. एडिसनला राहिलीस तरी बंद, आयोवात गेलीस तरी बंद. तू "मी इथं राहून नोकरी चालू ठेवते" असं धरून चाललीयेस बहुतेक, आणि नवऱ्याने तुला हे सांगितलं नसेल तर मुद्दाम लपवलंय असं नाही म्हणत मी, त्याला स्वतःलाच माहीत नसेल, कारण या लोकांचं सगळं लक्ष वेव्हरच्या कागदांवर असतं.

म्हणून वकिलाला फोन करायचा तो तू कर, तो नको. हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलचा असतो हे लक्षात ठेव, स्वतःचा वेगळा वकील बघा, दोन-चारशे डॉलर सल्ल्याचे गेले तरी जाऊ देत. विचारायचं हे की डॉक्टरांसाठी जो नॅशनल इंटरेस्ट वेव्हर असतो (हा ग्रीन कार्डाचा, तुमच्या जे-वनच्या वेव्हरहून वेगळा), ज्यात कमतरता असलेल्या भागात पाच वर्षं काम करायची कबुली द्यावी लागते, त्याच्या आधारावर आय-१४० सुरुवातीलाच भरता येईल का. पाच वर्षं पुरी व्हायची वाट न बघता आय-१४० मंजूर होऊ शकतं आणि ते झालं की तुला एच-फोरच्या ईएडीचा अर्ज करता येतो. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग आहे ती आहेच, तिचं काही करता येत नाही, पण तुझं काम त्या रांगेसाठी अडून राहायला नको. मात्र यात गंमत बघ, वेव्हरचे तीन आणि या रस्त्याचे पाच. "तीनच वर्षांचा प्रश्न" म्हणतेस ना, तो कदाचित पाच वर्षांचा आहे. तेव्हा मुलगी पंधरा-सोळाची असेल. हे आत्ता कळलेलं बरं.

हा जे-वनचा वेव्हर ज्या योजनेतून मिळतो ती कॉनराड थर्टी काय प्रकार आहे हे वाचकांपैकी बाकीच्यांना माहीत नसेल म्हणून दोन ओळी. जे-वनवर आलेल्या डॉक्टरला ट्रेनिंग संपल्यावर दोन वर्षं मायदेशी जावंच लागतं. ते माफ करून घ्यायचं तर जिथं डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं, आठवड्याला चाळीस तास काम करायचं. १९९४ मध्ये नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांनी हे आणलं, तेव्हा राज्याला वर्षाला वीस जागा होत्या, २००२ पासून तीस झाल्या. अमेरिकेतल्या कितीतरी लहान गावांत आपला जो कोणी रेड्डी, पटेल, कुलकर्णी डॉक्टर दिसतो तो बहुतेक याच वाटेने आलेला असतो. चांगली योजना आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त मधेच सोडायचं म्हटलं तर फार अवघड जातं, तसंच गंभीर कारण दाखवावं लागतं आणि राहिलेली वर्षं दुसऱ्या तशाच ठिकाणी भरून काढावी लागतात. तेव्हा सहीच्या आधी काय ते भांडून घ्यायचं.

आता तुझा मुख्य प्रश्न, एकट्याला पाठवावं का. माझं मत, नको. पण "बायकोने नवऱ्यामागे जावं" म्हणून नको असं नाही हं, मला तसलं काही सांगायचं नाही. माझं कारण वेगळं आहे. तुझी नोकरी तिथंही जाणार आणि इथंही जाणार, मग एडिसनचं भाडं भरत, एकटीने दोन मुलं सांभाळत, ज्याचं महिन्यात एक वीकेंड मिळालं तर मिळालं अशा नवऱ्याची वाट बघत तू तिथं नेमकं काय वाचवणार आहेस? कथक आणि मराठी शाळा. त्या मोठ्या गोष्टी आहेत, मी हसत नाहीये. पण स्टॉर्म लेकहून ओमाहाचा किंवा डी मॉइनचा एअरपोर्ट अडीच तास, मग विमान, मग तुमचं नेवार्क, आणि डॉक्टरचं ऑन-कॉल मधे आलं की ते वीकेंडही गेलं. माझ्या ओळखीत दोन जोडप्यांनी हे केलं. एकाचं ठीक झालं. दुसऱ्यांचं तीन वर्षांनी एकत्र राहायला लागल्यावर कळलं की दोघांनाही आता एकेकटं राहायची सवय झालीय, मुलगा बापाला पाहुण्यासारखा वागवायचा, आणि ते सावरायला जी वर्षं गेली ती कुठल्या वेव्हरमध्ये मोजली जात नाहीत.

तर जावं. पण त्याने जसं ठरवलंय तसं नाही.

बघ, तुझ्या नवऱ्याला तिथं गेल्या दिवशी आयुष्य तयार मिळणार आहे. सकाळी सात वाजता जायला जागा, दारावर नावाची पाटी, नर्सेस, पेशंट, आणि सहा महिन्यांत अख्खं गाव त्याला नावाने ओळखणार. तुला काय मिळणार? "डॉक्टरांची बायको" हे पद. दुकानात, लायब्ररीत, मुलाच्या शाळेत, सगळीकडे तू डॉक्टरीणबाई. पेशंट दुधाच्या कप्प्यापाशी गाठून तुलाच बीपीच्या गोळीचं विचारणार, खरंच विचारतात. पहिले आठ महिने मी घरात बसून होते, गाडी येत नव्हती म्हणून, आणि खिडकीतून दिसायचं काय तर शेजाऱ्याचा धान्याचा सायलो. नवऱ्याच्या कंपनीने बोलावताना सांगितलं होतं की मिसेसनाही काहीतरी बघू, ते "काहीतरी" नऊ वर्षांत कधी आलं नाही. त्यामुळे गाव चांगलं की वाईट हा माझ्या मते दुसरा प्रश्न, तुझं स्वतःचं तिथं काय हा पहिला.

आणि याबाबतीत स्टॉर्म लेक वाईट नाही, उलट आसपासच्या काउंट्यांच्या मानाने तुझं नशीब बरं आहे. फोटोत मका दिसला म्हणून तू घाबरलीस पण त्या मक्यामधलं गाव तू बघितलंच नाहीस. आयोवात ९९ काउंट्या आहेत, ही ब्यूना व्हिस्टा काउंटी (स्पॅनिश उच्चार करू नकोस, तिथं "ब्यूना"च म्हणतात, तसंच आयोवातल्याच मॅड्रिड नावाच्या गावाला मॅड-रिड), २०२० च्या जनगणनेत काउंटीत वीस हजार आठशेच्या आसपास माणसं, त्यातली अकरा हजारांवर स्टॉर्म लेकमध्ये. काउंटी म्हणजे आपला तालुका धर, पण तालुक्यातली सगळी माणसं डोंबिवलीतल्या दोन-चार मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये मावतील अशी. तिथं टायसनचे डुकराच्या मांसाचे आणि टर्कीचे कारखाने आहेत, आणि त्या कामासाठी जगभरातून माणसं आलीत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लाओसमधून ताय डाम लोक आले, मग मेक्सिकोचे आले, मग आणखी कुठून कुठून. शाळेत वीसच्या वर भाषा बोलणारी मुलं आहेत. म्हणजे तुझी मुलगी वर्गात एकटीच सावळी आणि सगळे तिच्या डब्याकडे बघतायत, ही जी माझ्या मुलाची स्टोरी होती, ती तिथं बरीच कमी असेल. भारतीय कमी असतील, पण "बाहेरून आलेले" म्हणून तुम्ही एकटे नसाल.

याचा किचनला फायदा होतो. मेक्सिकन आणि आग्नेय आशियातल्या लोकांची दुकानं म्हणजे कोथिंबीर, तिखट मिरच्या, चिंच, नारळाचं दूध, साबुदाणा यांची काळजी मिटली. पिलोंसिल्यो म्हणून कोनासारखी ढेप मिळते ती म्हणजे गूळच, पुरणपोळीला मी कित्येक वर्षं तीच वापरली, कुणाला कळलं नाही. ज्वारीचं पीठ ग्लूटेन-फ्रीच्या शेल्फावर सॉर्घम फ्लोअर म्हणून महागात बसलेलं असतं. तूरडाळ, गोडा मसाला, पोहे मात्र ओमाहाहून किंवा डी मॉइनहून, दोन महिन्यांतून एकदा गाडी भरून. देऊळ डी मॉइनच्या अलीकडे त्या मॅड्रिडला आहे, दोन-सव्वादोन तास. एकाच ट्रिपमध्ये देव आणि डाळ दोन्ही, आम्ही तसंच करायचो.

शाळेकडे येते कारण ते तुझ्या पत्रात मुलाच्या निमित्ताने आलंय आणि तिथं मला खरी काळजी वाटते. शहरात स्पीच थेरपिस्ट आवडला नाही तर दुसरा बघता येतो, लहान काउंटीत एक असतो, तोही चार शाळा फिरणारा. आयोवात यासाठी एरिया एज्युकेशन एजन्सी नावाची व्यवस्था आहे, १९७४ पासूनची, प्रत्येक शाळेने स्वतःचा थेरपिस्ट ठेवण्याऐवजी अख्ख्या भागासाठी एक संस्था, तीच माणसं पाठवते. व्यवस्था चांगली होती. २०२४ मध्ये कायदा करून तिच्या पैशांची आणि कारभाराची पद्धत बदलली, त्यामुळे जुन्या आठवणींवर मी तुला भरवसा देणार नाही. तू स्वतः फोन कर, मुलाचं आत्ताचं प्लॅन हातात घेऊन विचार, की चार वर्षांच्या मुलाला आठवड्यातून किती वेळ मिळेल, कोण देईल, ती व्यक्ती सध्या नोकरीत आहे की जागा रिकामी आहे. "आम्ही नक्की करू" हे उत्तर नाही. नाव आणि वार सांगितला तर उत्तर.

मुलीचं मला इतकं वाटत नाही. कथक जाईल, हे कबूल करून टाक, ऑनलाइन क्लास लावलास तरी तो क्लासच, ती मैत्रिणींची रांग आणि वार्षिक कार्यक्रम नाही. त्याबद्दल ती रडेल आणि तिला रडू द्यावं. पण तिला तिथं फोर-एच मिळेल, म्हणजे मुलांनी वर्षभर बकरी नाहीतर ससा पाळायचा, वही ठेवायची आणि उन्हाळ्यात काउंटी फेअरमध्ये नेऊन जजसमोर उभं राहायचं, ब्यूना व्हिस्टाची फेअर आल्टा गावाला भरते. माझा मुलगा अकराव्या वर्षी डुकराचं वजन डोळ्यांनी सांगायचा, मी कपाळाला हात लावला होता, आज तो सांगतो की माणसांसमोर बोलायला तो तिथं शिकला. शाळेत एडिसनसारखे ढीगभर एपी कोर्स, म्हणजे शाळेतच शिकवायचे कॉलेजच्या तोडीचे विषय, नसतील. त्याऐवजी अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजचे कोर्स शाळेतूनच करतात, त्याचे पैसे शाळा भरते, ते क्रेडिट कॉलेजात चालतात. आणि हो, दचकू नकोस, आयोवात साडेचौदाव्या वर्षी शाळेत जाण्यासारख्या ठरावीक कामांपुरतं ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं. तुमची पाच वर्षं झाली तर तू पॅसेंजर सीटवर असशील.

पाच एकराच्या घराचं मात्र डोक्यातून काढून टाक. निदान पहिलं दीड वर्ष. सगळ्या डॉक्टरांना हे वेड लागतं, आयुष्यभर हॉस्टेलात आणि वन-बेडरूममध्ये काढलेली असतात ना, जमीन दिसली की खुळावतात. एकरावरचं घर म्हणजे स्वतःची विहीर, स्वतःचा सेप्टिक टँक, गॅस म्हणजे अंगणात प्रोपेनची मोठी टाकी आणि ती थंडीत संपली की फोनाफोनी, घरापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ स्वतः काढायचा, आणि नवरा तेव्हा हॉस्पिटलात असणार, म्हणजे कोण काढणार ते मी सांगायला नको. त्यात पाणी. हा सगळा भाग मका-सोयाबीन आणि डुक्करपालनाचा, खतातलं नायट्रेट जमिनीखालच्या निचऱ्याच्या पाइपांमधून नदीत जातं, त्यावरून २०१५ मध्ये डी मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने ब्यूना व्हिस्टा, सॅक आणि कॅलहून या तीन काउंट्यांमधल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टांवर, म्हणजे हा निचरा सांभाळणाऱ्या संस्थांवर, केस टाकली होती. २०१७ मध्ये ती फेटाळली गेली. आणि त्याच विषयावर, शेतीच्या मोठ्या कंपन्यांना अंगावर घेऊन अग्रलेख लिहिले म्हणून स्टॉर्म लेकच्या दीडदमडीच्या पेपरला, त्याच्या आर्ट कलेन नावाच्या संपादकाला, त्याच वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं! अशा गावाला खेडं म्हणून उडवून लावायचं धाडस मला होत नाही. पण विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय प्यायचं नाही हेही त्यातूनच कळतं, नायट्रेटची मर्यादा लिटरला दहा मिलिग्रॅम आहे, तान्ह्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. गावातलं नळाचं पाणी नियमित तपासलं जातं, विहिरीचं तुझं तूच बघायचं. आणि रेडॉन, जमिनीतून घरात झिरपणारा किरणोत्सारी वायू. आयोवातल्या सगळ्याच्या सगळ्या ९९ काउंट्या रेडॉनच्या सगळ्यात धोकादायक गटात येतात, बेसमेंटमध्ये मुलांची खेळायची खोली करायच्या आधी टेस्ट करायची, किट स्वस्त असतं. चारच्या वर आकडा आला तर पंखा-पाइप बसवून घेता येतो.

तेव्हा गावात, शाळेला चालत जाता येईल असं घर भाड्याने. भाड्याची घरं कमी असतात, म्हणून हॉस्पिटललाच सांगायचं, शोधून द्या. त्यांना डॉक्टर हवाय, देतात. घर घेणं एक दिवसाचं आणि विकणं दोन वर्षांचं, असं आमच्या तिथं म्हणायचे.

कॉन्ट्रॅक्टबद्दल नवऱ्याला विचार, किंवा खरं तर शेजारी बसून वाच. किती दिवसांनी रात्रीचा कॉल, तिसऱ्या दिवशी की सहाव्या, यावर तुमचं घर चालणार आहे. कारण न देता काढून टाकता येईल असं कलम आहे का. तो लवकर सोडून गेला तर किती पैसे मागणार, साइनिंग बोनस परत करायचा का. "पुन्हा इथं जवळपास प्रॅक्टिस करायची नाही" असं कलम या वेव्हरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये घालता येत नाही, दिसलं तर वकिलाला दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागदावर नसलेलं, की याच्या आधीचा डॉक्टर का गेला. तो वेव्हरवालाच असेल तर त्याला शोधून फोन करा, त्याच्या बायकोलाही. तिच्याकडून दहा मिनिटांत जे कळेल ते कुठलं ब्रोशर सांगणार नाही. लहान गावांतल्या बऱ्याच हॉस्पिटलांनी बाळंतपणाचे विभाग बंद केलेत, तुम्हाला तिसऱ्याचा विचार असेल (मी आपलं विचारतेय) तर तेही पाहून ठेव, प्रसूतीला गाडीने सत्तर मैल सू सिटीला जाणं जानेवारीत मजेचं नाही.

हे सगळं बघायला तू जा. मुलांना घेऊन, सही व्हायच्या आधी, ऑक्टोबरच्या शेवटी. जूनमध्ये कुठलंही गाव सुंदर दिसतं, तळ्यावर बोटी, हिरवंगार. ऑक्टोबरला मका कापून झालेला असतो, काळी जमीन उघडी, वारा थांबत नाही, आणि डुकरांच्या शेणाचं खत शेतात घालायला लागलेले असतात त्याचा वास. तो वास तुला सहन होतोय का ते तुझं नाकच सांगेल, ते काही मी लिहून सांगता येण्यासारखं नाही. वीकडेला जा. मुलीला एक दिवस शाळेत बसू देतील का विचार. दुपारी तीन वाजता लायब्ररीत जाऊन बस आणि बघ कोण येतं. लोक तुला पहिल्या पाच मिनिटांत विचारतील, कुठल्या चर्चला जाता. रागावू नकोस. आपल्याकडे "आडनाव काय, मूळ गाव कुठलं" विचारतात ना, तेच ते, तुला कुठल्या खणात ठेवायचं ते त्यांना कळत नसतं. मी "आम्ही हिंदू, पण पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) नक्की येऊ" म्हणायचे आणि पॉटलकला साबुदाण्याची खिचडी न्यायचे, ते त्याला "द बीडी पोटॅटो थिंग" म्हणायचे, अजून रेसिपी मागतात. रस्त्यावर समोरून येणारा पिकअपवाला स्टीअरिंगवरचं एक बोट उचलेल, तो नमस्कार असतो, तूही उचल.

थंडीचं तू न्यू जर्सीची म्हणून हलक्यात घेशील. घेऊ नकोस. तिथं बर्फ पडतो त्यापेक्षा उडतो जास्त, आकाश निळं असतं आणि रस्ता दिसत नाही. गाडीत ब्लँकेट, फावडं, खायला काहीतरी, आणि "रस्त्यावर येऊ नका" असं जाहीर झालं की कुठल्याही डाळीसाठी बाहेर पडायचं नाही. नोव्हेंबरात हरणं गाडीसमोर येतात. तुला गाडी येतेच म्हणून मी इथंच थांबते.

आता तुझं स्वतःचं. ईएडी येईपर्यंत जो काळ रिकामा जाणार आहे त्याचं आत्ताच ठरव. एच-फोरवर शिकता येतं, त्याला वेगळी परवानगी लागत नाही, तुझ्या डेटाच्या कामात एखादी मास्टर्स ऑनलाइन करायची असेल तर हीच वेळ. गावात ब्यूना व्हिस्टा युनिव्हर्सिटी आहे, लहान आहे, पण युनिव्हर्सिटीच्या नोकरीसाठी एच-वनच्या लॉटरीत नंबर लागायची गरज नसते, तिथं तुझ्या कामाची जागा निघते का यावर लक्ष ठेव आणि भेटीला जाशील तेव्हा तिथं एका माणसाला तरी भेटून ये. हॉस्पिटललाही स्पष्ट विचार, आम्ही दोघं येतोय, मिसेससाठी काय करू शकता, आणि जे सांगतील ते ईमेलवर घे. मी घेतलं नव्हतं. भारतातल्या कंपनीचं काम इथं बसून गुपचूप करीन म्हणशील तर वकिलाला विचारल्याशिवाय अजिबात नको, त्याच्यापायी पुढचं सगळं अडकायला नको. आणि आत्ताच्या कंपनीला इतक्यात राजीनामा देऊ नकोस, बॉसशी बोल, पुन्हा परवानगी आली की रिमोट घेतील का विचारून ठेव.

वकील म्हणाला की आय-१४० चा रस्ता सुरुवातीलाच घेता येतो, शाळेने थेरपिस्टचं नाव-वार सांगितलं, आणि कॉल चौथ्या-पाचव्या दिवशीच्या आत नाही, तर जा, मी आनंदाने जा म्हणेन. यातलं थेरपीचं जमत नसेल तर मात्र दुसरी ऑफर बघायला लाव, वेव्हरच्या जागा काही सगळ्या मक्यात नसतात, मोठ्या शहराच्या तासाभराच्या अंतरावरही असतात, पगार थोडा कमी. मुलाची चार ते सात ही वर्षं कुणाच्या साइनिंग बोनसपेक्षा स्वस्त नाहीत. नवऱ्याला हे माझं नाव सांगून वाचून दाखव हवं तर, रागावला तर माझ्यावर रागावेल.

राहता राहिल्या सासूबाई. त्या टोमणा मारतायत असं तू लिहिलंयस, पण मला तो प्रश्न अगदी बरोबर वाटला. निफाडला द्राक्षं कोण काढतं, पाणी कुठून येतं, तालुक्याला डॉक्टर का टिकत नाही, हे सगळं त्यांनी बघितलंय, त्यामुळे तुमच्या दोघांपेक्षा स्टॉर्म लेक त्यांना लवकर कळेल. त्यांना सांग की खेडंच आहे आणि तुमचा मुलगा तिथं टिकणारा डॉक्टर होतो का ते बघायला या. सप्टेंबरमध्ये बोलाव, तेव्हा मका उभा असतो आणि हवा चांगली असते. थंडीत अजिबात नको, माझ्या सासूबाई डिसेंबरात आल्या होत्या, तीन आठवडे त्यांनी स्वेटरवर स्वेटर घालून सायलोकडे बघितलं आणि परत गेल्यावर अख्ख्या वाड्यात सांगितलं की पोरगा जेलमध्ये राहतो.